सागराची माता : कॅथलीन ड्रू-बेकर

जपान देशातील क्यूशू बेटावर दरवर्षी एप्रिल महिन्याच्या १४ तारखेला एक आगळा सोहळा होतो. या बेटाच्या पश्चिम अंगास आरिआके नावाचा उथळ समुद्र आहे. त्याच्या काठी उतो नावाचे गाव असून, तेथील सुमियोशी देवस्थानाच्या परिसरात समुद्राकडे तोंड करून एक शिळास्मारक उभे आहे. त्या दिवशी आसपासच्या किनाऱ्यावरील कोळी येथे जमतात, प्रार्थना होते आणि एका दिवंगत व्यक्तीचे सर्वजण कृतज्ञतेने स्मरण करतात. ही व्यक्ती जपानची राणी नव्हती, की कोणी साध्वी नव्हती. ती जपानी तर नव्हतीच. इंग्लंडातील एका विद्यापीठात शेवाळाचा अभ्यास करणारी ती एक विदुषी होती आणि जपानच्या भूमीवर तिने कधी पाऊलही ठेवले नव्हते. तिचे नाव कॅथलीन ड्रू-बेकर. जपानातील लोक तिला सागराची माता म्हणतात. हजारो कोसांवरील परक्या कोळ्यांनी तिला हे नाव का दिले, त्याची ही हकीकत आहे.

आपल्याकडे शेती म्हटली की नांगर, बैल आणि काळी जमीन डोळ्यांपुढे उभी राहते. जपानातील कोळी मात्र गेली सुमारे तीनशे वर्षे समुद्रातही शेती करीत आले आहेत. त्यांच्या या पिकाचे नाव नोरी. नोरी हे जांभळट तांबूस रंगाचे, कागदासारखे पातळ असे समुद्रातील शेवाळ आहे. ते खुडून, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून चौकटींवर पसरतात आणि वाळवतात. वाळले म्हणजे त्याची साधारण वीतभर लांबीरुंदीची पातळ पाने तयार होतात. भाताचा मुटका या पानात गुंडाळून खाणे हा जपानी घरांतला नित्याचा प्रघात आहे. इसवी सन ७०१ मधील जपानी कायद्यात करादाखल द्यावयाच्या जिनसांत नोरीचे नाव आढळते, इतके हे अन्न जुने व मोलाचे आहे. वाळलेल्या नोरीच्या वजनाचा सुमारे तिसरा भाग, कधी त्याहूनही अधिक, प्रथिनांचा असतो. शिवाय तीत जीवनसत्त्वे, आयोडीन व लोह हीही असतात. ज्या किनाऱ्यावर भात हेच मुख्य अन्न, तेथे ही उणीव भरून काढणारे एक पान म्हणजे केवढा आधार!

परंतु या शेतीत एक मोठी अडचण होती. शेतकरी पेरणी करतो तेव्हा बी त्याच्या हातात असते. नोरीचे बी मात्र कोणी पाहिलेच नव्हते. शरद ऋतूत कोळी उथळ पाण्यात बांबूच्या फांद्या रोवीत, पुढे पुढे जाळी पसरीत आणि वाट पाहत बसत. पाणी थंड झाले की एखाद्या वर्षी त्या फांद्यांवर नोरीचे कोवळे कोंभ आपोआप दिसू लागत, तर एखाद्या वर्षी त्या कोऱ्याच राहत. वसंत ऋतू सरला म्हणजे सारी नोरी नाहीशी होई. उन्हाळाभर ती कोठे राहते आणि थंडीबरोबर पुन्हा कोठून येते, हे अनुभवी वृद्ध कोळ्यांनाही सांगता येत नसे. त्यामुळे नोरीला लोक नशिबाचे गवत म्हणू लागले. नशीब फळले तर घरात सुबत्ता, न फळले तर हिवाळाभर चिंता, असा हा जुगार होता.

या कोड्याचा उलगडा जिच्या हातून व्हावयाचा होता, ती कॅथलीन मेरी ड्रू हिचा जन्म १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ६ तारखेस इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील ली या गावी झाला. अभ्यासात ती प्रथमपासूनच हुशार होती. शिष्यवृत्ती मिळवून तिने मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास आरंभिला आणि १९२२ साली ती पहिल्या वर्गात पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाली. उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी फारच थोडी होती आणि विज्ञानात असे यश मिळविणाऱ्या स्त्रिया तर त्याहूनही विरळा. पदवी मिळताच त्याच विद्यापीठात कॅथलीनबाईंना अध्यापनाचे काम मिळाले.

गुलाब, कमळ यांसारख्या डोळ्यांना मोहविणाऱ्या फुलांकडे त्यांचे मन वळले नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर निसरडे होऊन पडलेले, पायाखाली आले तर लोक ज्याला नावे ठेवतात, त्या शेवाळाचा अभ्यास त्यांनी पत्करला. त्यातही लाल वर्णाची शेवाळे हा त्यांचा खास विषय झाला. १९२५ साली एक मानाची शिष्यवृत्ती मिळून त्या अमेरिकेस गेल्या व कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन वर्षे त्यांनी संशोधन केले. शेवाळाचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी हवाई बेटांपर्यंतही प्रवास केला.

मायदेशी परतल्यावर १९२८ साली हेन्री राइट-बेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते मँचेस्टरमध्येच यंत्रशास्त्राचे अध्यापन करीत असत. विवाह ही आनंदाची घटना. पण कॅथलीनबाईंच्या बाबतीत तिच्या पाठोपाठ एक आघातही आला. विवाहित स्त्रीस अध्यापकाच्या पदावर ठेवावयाचे नाही, असा त्या काळी विद्यापीठाचा दंडक होता. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती, त्यांच्या कामात काही उणीव नव्हती. तरी केवळ विवाह केला म्हणून त्यांची नोकरी गेली. एखादी दुसरी व्यक्ती निराश होऊन सूक्ष्मदर्शक यंत्र कायमचे झाकून ठेवती. कॅथलीनबाईंनी तसे केले नाही. पद गेले तरी जिज्ञासा कोणी काढून घेऊ शकत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. संशोधक या नात्याने त्यांनी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी संबंध कायम राखला, दोन मुलांचा संसार सांभाळला आणि आपला अभ्यास अखंड चालू ठेवला. १९३९ साली विद्यापीठाने त्यांना विज्ञानातील सर्वोच्च पदवी दिली.

इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यांवर नोरीच्याच कुळातील एक शेवाळ खडकांना चिकटून वाढते. तेथील लोक त्याला लेव्हर म्हणतात, तर शास्त्रात या कुळाचे नाव पॉर्फिरा असे होते. वेल्समधील किनाऱ्यावरचे गरीब लोक हे शेवाळ पिढ्यान् पिढ्या गोळा करीत आले आहेत. ते पुष्कळ वेळ शिजवून त्याचा लगदा करतात, ओटाच्या पिठात घोळवून तळतात आणि न्याहारीला खातात. हे शेवाळ प्रौढ झाले म्हणजे त्यातून डोळ्यांना न दिसणारे बीजाणू पाण्यात सुटतात, एवढे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण पुढे त्यांचे काय होते, हे मात्र गूढ होते. काचेच्या भांड्यात वाढवून पाहिले तर त्यांपासून लेव्हरचे पान कधी तयार होत नसे. बारीक तंतू फुटत आणि वाढ तेथेच खुंटे.

कॅथलीनबाईंनी या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरविले. मँचेस्टर शहर समुद्रापासून दूर. तेव्हा समुद्रच प्रयोगशाळेत आणणे भाग होते. त्यांचे पती यंत्रशास्त्रात निष्णात होते. त्यांनी पत्नीसाठी एक विशेष प्रकारचा हौद बनविला. भरती-ओहोटीप्रमाणे त्यातील पाणी ठरावीक वेळाने चढे व उतरे. अशा रीतीने समुद्राची लय प्रयोगशाळेत आली आणि शेवाळाला घरच्यासारखे वाटावे अशी सोय झाली.

आता बीजाणूंना वाढावयास जागा कोणती द्यावी, हा प्रश्न होता. कॅथलीनबाईंनी त्यांच्यासमोर स्वच्छ केलेले शिंपले ठेवले. काही काळाने जे दृश्य दिसले त्याने त्या चकित झाल्या असल्या पाहिजेत. बीजाणूंपासून निघालेले सूक्ष्म तंतू शिंपल्याच्या कठीण कवचात शिरून आत पसरले होते व त्या जागी गुलाबी रंगाचे डाग दिसू लागले होते. असे डाग शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हते. शिंपल्यात वाढणाऱ्या या गुलाबी शेवाळाचे वर्णन १८९२ सालीच झाले होते आणि ती एक निराळी वनस्पती समजून तिला कॉन्कोसेलिस असे नावही देण्यात आले होते. कॅथलीनबाईंना उमगले की, ही निराळी वनस्पती नव्हेच! कॉन्कोसेलिस आणि पॉर्फिरा या एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत. सुरवंट आणि फुलपाखरू ही एकमेकांसारखी दिसत नाहीत, तरी ती दोन्ही एकाच प्राण्याची रूपे होत. तसाच हा प्रकार होता.

हा शोध त्यांनी १९४९ साली एका विख्यात विज्ञान-नियतकालिकात अगदी छोट्या लेखाने प्रसिद्ध केला. त्या लेखात धनलाभाची गोष्ट नव्हती की कीर्तीची हाव नव्हती. एका साध्या शेवाळाच्या जीवनातील हरवलेला दुवा सापडला, एवढेच त्यात शांतपणे नमूद केले होते. या दुव्याची कोणाला किती निकड आहे, याची लेख लिहिणारीला बहुधा कल्पनाही नसावी.

त्याच सुमारास जपानच्या किनाऱ्यावर हाहाकार उडाला होता. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा देश उद्ध्वस्त झाला होता आणि अन्नाचा मोठा तुटवडा होता. अशा वेळी समुद्राने तरी हात द्यावा, तर १९४८ पासून वादळांचे तडाखे बसले, किनाऱ्याजवळचे पाणी दूषित झाले आणि नोरीचे पीक बुडाले. कोळ्यांनी जाळी लावली, पण जाळ्यांवर कोंभ दिसेनात. नोरीचे बी कोठून येते हेच ठाऊक नसल्यामुळे ते परत कसे आणावे, हेही कोणाला सुचेना. कष्ट करण्यास हात तयार होते. अनुभव पिढ्यांचा होता. परंतु ज्ञानाचा एक दुवा नव्हता आणि त्याअभावी सारे निष्फळ ठरत होते.

इंग्लंडातील शोधाची वार्ता क्यूशू विद्यापीठातील शैवालशास्त्रज्ञ सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोहोचली. लेव्हर आणि नोरी ही एकाच कुळातील. तेव्हा जे लेव्हरचे तेच नोरीचे असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. त्यांनी व इतर जपानी संशोधकांनी आपल्या नोरीवर प्रयोग केले आणि अनुमान खरे ठरले. कॅथलीनबाईंनी वर्तुळाचा अर्धा भाग दाखविला होता. उरलेला अर्धा जपानी संशोधकांनी पुरा केला. वसंतात नोरीचे बीजाणू समुद्राच्या तळाशी पडलेल्या शिंपल्यांत शिरतात. उन्हाळाभर ते तेथे गुलाबी तंतूंच्या रूपाने राहतात. शरद ऋतूत पाणी थंडावले म्हणजे या तंतूंपासून नव्या तऱ्हेचे बीजाणू सुटतात, ते फांद्यांना आणि जाळ्यांना चिकटतात व त्यांपासून नोरी उगवते. कोळी ज्याची वाट पाहत होते ते बी त्यांच्याच पायांखाली, टाकाऊ वाटणाऱ्या शिंपल्यांत दडून बसले होते!

नुसत्या ज्ञानाने पोट भरत नाही. ते ज्ञान कामास जुंपावे लागते. कुमामोतो प्रांतातील फुसाओ ओता आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ च्या सुमारास शिंपल्यांत नोरीचे बी वाढविण्याची व्यवहार्य रीत बसविली व ती कोळ्यांना शिकविली. वसंत ऋतूत पाण्याच्या हौदांत कालवांचे शिंपले मांडून त्यांवर नोरीचे बीजाणू सोडावयाचे, उन्हाळाभर त्यांची निगा राखावयाची आणि शरद ऋतूत त्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर घ्यावयाचे, अशी ही रीत आहे. बी चिकटलेली जाळी मग समुद्रात खांबांना बांधतात. आता पेरणी कोळ्यांच्या हाती आली. नशिबाचे गवत हे नाव मागे पडले आणि नोरी हे भरवशाचे पीक झाले. पुढे जपानात दरवर्षी नोरीची अब्जावधी पाने तयार होऊ लागली. मुलांच्या डब्यातील मुटक्यांना पुन्हा नोरीचे पान मिळू लागले आणि कोळीवाड्यांत हिवाळ्यात हक्काचा पैसा येऊ लागला.

कॅथलीनबाईंचे संशोधन शेवटपर्यंत चालूच होते. १९५२ साली ब्रिटनमधील शैवाल-अभ्यासकांनी एक संस्था स्थापन केली. तिच्या स्थापनेत कॅथलीनबाईंचा पुढाकार होता आणि पहिल्या अध्यक्षपदाचा मानही त्यांनाच मिळाला. विवाहामुळे जिला अध्यापनास अपात्र ठरविले, तिलाच देशातील विद्वानांनी आपले अग्रस्थान दिले. परंतु त्यांना दीर्घायुष्य लाभले नाही. १९५७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १४ तारखेस, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६३ साली, जपानातील नोरीवर उपजीविका करणाऱ्या लोकांनी आपल्या कष्टाच्या कमाईतून वर्गणी काढून उतो येथे त्यांचे स्मारक उभारले. त्याला कोणा राजाची आज्ञा नव्हती. ज्यांची चूल पुन्हा पेटली, त्यांच्या अंतःकरणाची ती आज्ञा होती.

या शोधातून आणखी एक बोध मिळतो. आपण नोरीचे पान खातो, म्हणून पानाची काळजी घेतो. परंतु त्या पानाचे अर्धे आयुष्य चिखलातल्या शिंपल्यात जाते. किनाऱ्याच्या खाड्या बुजविल्या, पाणी विषारी केले किंवा तळाची वस्ती उद्ध्वस्त केली, तर पानाची काळजी घेऊन काय उपयोग? जपानातील लोकांनाही हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला. पूर्वी ज्या जातीची नोरी सर्वत्र पिकविली जाई, ती आता तेथील निसर्गात दुर्मिळ झाली असून, नष्ट होऊ पाहणाऱ्या जातींत तिची गणना होते. ज्या खाड्यांच्या मुखाशी ती वाढे, त्यांपैकी पुष्कळ जागा भराव घालून बुजविल्या गेल्या. खुद्द आरिआके समुद्राचा इसाहाया आखातातील एक भाग १९९७ साली बांध घालून तोडण्यात आला. पुढे २००० सालच्या हिवाळी हंगामात तेथील नोरीच्या पिकाला मोठा फटका बसला आणि कोळी आपल्या होड्या घेऊन निषेधासाठी समुद्रात उतरले. पीक बुडण्याचे कारण बांध की आणखी काही, यावर मोठा वाद झाला व तो न्यायालयांतही गेला. एवढे मात्र खरे की, समुद्रातून अन्न हवे असेल तर समुद्राचा न दिसणारा भागही जपला पाहिजे.

मुलांनो, नोरीच्या कुळातील शेवाळ आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात काही ठिकाणी खडकांवर उगवते. तुम्ही समुद्रकाठी गेलात आणि ओहोटीच्या वेळी ओल्या खडकावर एखादे जांभळट पातळ पान चिकटलेले दिसले, किंवा वाळूत एखादा जुना शिंपला सापडला, तर त्याला तुच्छ समजून पायाने उडवू नका. क्षणभर हातात घेऊन न्याहाळा. अशाच एका शिंपल्याकडे एका विदुषीने वर्षानुवर्षे एकाग्र चित्ताने पाहिले. त्यातून आपणांस काय मिळेल, असा विचार तिने केला नाही. खरे काय आहे, एवढेच तिने शोधले. आणि त्या सत्याने, तिने कधीही न पाहिलेल्या किनाऱ्यावर, तिला कधीही न भेटलेल्या लोकांच्या ताटात अन्न वाढले. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये उतो येथील कोळी समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या शिळेपुढे नतमस्तक होतात.